दुसरी बाजू पाहिजे म्हणे!

आज दसरा चौकात एक डॉक्युमेंटरी बघून आलोय आणि डोकं तापलंय. सिनेमामुळं नाही, सिनेमा चांगलाच होता. पडद्यावर विमुक्त जमातींची, म्हणजे इंग्रजांनी जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची म्हातारी माणसं आपल्या तोंडानं आपला इतिहास सांगत होती. दिवे लागले आणि पहिल्या रांगेतले एक कडक इस्त्रीचे आजोबा उठून म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण तुम्ही दुसरी बाजू दाखवलीच नाही." हॉलमधल्या निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. कुठं? शाहू महाराजांच्या कोल्हापुरात!

अहो, दुसरीच बाजू दाखवत आलोय की आपण. १८७१ ला इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो आपल्याकडंही आला. जमातीत जन्मलं म्हणजे झालं, गुन्हा करायचीसुद्धा गरज नाही. पोलिसांपुढं हजर राहायचं, त्या हजेरीची रजिस्टरं, पोलिसांचे रिपोर्ट, कलेक्टरांची पत्रं, सगळा कागद त्याच बाजूचा. लिहिणारा सरकारचा माणूस, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला अक्षर येत नव्हतं. त्याच्याकडं उरलं काय, तोंड. म्हणून तर कॅमेरा लागतो.

मी लग्नाच्या शूटिंगवाला माणूस, हे तुम्हाला माहीत आहे. मागं बाहेरची एक टीम याच विषयावर इथं शूट करायला आली होती. लाइट आणि दुसरा कॅमेरा माझा. आमच्या ओळखीतल्या एका आजींकडं गेलो. जन्म सोलापूरच्या सेटलमेंटमधला, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायच्या वस्तीतला, तारेच्या कुंपणाच्या आत. लग्न होऊन इकडं आल्या. मी त्यांच्या पदराला कॉलर माइक लावत होतो, तर विचारतात, "ह्यो बिल्ला कशाचा रं? पोलिसाचा न्हाई न्हवं?" मी हसलो, त्या हसल्या नाहीत. मग बोलायला लागल्या. बाप गिरणीत जायचा तो पास घेऊन. तारेबाहेर पाय टाकायचा तर परवानगी. आई तापानं फणफणली तरी हजेरीला उभी. आणि बोलता बोलता थांबल्या. पदर तोंडाला लावून नुसत्या बसल्या.

दिग्दर्शक म्हणाला, "कट! आजी, पाणी घ्या. आता तुमच्या समाजाचं एखादं गाणं म्हणा बघू."

गाणं म्हटलं त्यांनी. सिनेमात तेवढंच आलं. गाणं, हाताच्या सुरकुत्यांचा क्लोजअप आणि मागं बासरी. तारेचं कुंपण, पास, तापलेली आई, सगळं गायब. इतिहास सांगितला एका सरांनी, पुस्तकांच्या कपाटापुढं बसून. वर आजींना नऊवारी नेसवली होती. घरात त्या गाऊन घालतात.

ही खोड जुनी आहे म्हणा. १९२२ चा 'नॅनूक ऑफ द नॉर्थ' बघा, डॉक्युमेंटरीचा आद्य सिनेमा म्हणतात त्याला. उत्तरेकडच्या बर्फातली इनुइट माणसं तेव्हा बंदुकीनं शिकार करत होती, दिग्दर्शक फ्लाहर्टीनं भाल्यानं करायला लावली. उजेड यावा म्हणून अर्धंच इग्लू बांधलं. त्या माणसाचं नावसुद्धा नॅनूक नव्हतं, अल्लाकरिआल्लाक होतं. हा काय आणि आजींची नऊवारी काय. शंभर वर्षं झाली तरी लोकांना 'अस्सल' दाखवायचा सोस सुटत नाही.

आणि दुसरीकडं तो 'शोआ', नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीवरचा, १९८५ चा. नऊ तासांच्या वर, जुनं एक फुटेज नाही, फक्त माणसं बोलतात. ट्रेब्लिंकाच्या छावणीत मारायला आणलेल्या बायकांचे केस कापायला लावलेला एक न्हावी त्यात केस कापता कापता सांगतोय, आणि मध्येच गप्प होतो. कॅमेरा चालूच. दिग्दर्शक लान्झमाननं कापलं नाही. त्याला पुढं बोलायला लावलं तेही क्रूरच, मला नाही आवडलं ते. पण ती शांतता ठेवली! आमच्या आजींची शांतता कुठल्या तरी हार्ड डिस्कवर पडून आहे. फॉरमॅट नसेल मारलं तर.

आता कुणीतरी खाली लिहिणारच की म्हाताऱ्यांच्या आठवणीवर कसला विश्वास. मान्य, चुकतात. आजी म्हणाल्या, शाहू महाराजांनी आमची हजेरी बंद केली. महाराजांनी १९१८ ला बंद केली ती कोल्हापूर संस्थानातली. सोलापूर इंग्रजांचं, तिथं तारा सुटायला स्वातंत्र्य यावं लागलं, कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. मग पडद्यावर खाली एक ओळ टाका ना. त्यासाठी आजींना कशाला कापता? आणि हो, चोऱ्या व्हायच्याच नाहीत असंही कुणी म्हणत नाही. चोरी केली त्याला धरा. तापलेल्या बाईची हजेरी कशाला?

पैसा नसतो, वेळ नसतो, हेही ऐकलंय. असेल. पण आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड' या डॉक्युमेंटरीला चौदा वर्षं दिली. १९९७ ला मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं गेली, शाहीर विलास घोगरेंनी त्या धक्क्यानं जीव दिला, तिथपासून ते २०११ पर्यंत. आणि इथली टीम संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून आजींना गाणं म्हणा म्हणते! ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, तिथं येऊन!

जाऊ दे. आजच्या पोरीचं कौतुक करायचं राहिलंच. दिग्दर्शिका तिशीचीसुद्धा नसेल. तिच्या सिनेमात एक म्हातारा बराच वेळ नुसता बिडी पेटवायला बघतो, काडी विझते, परत ओढतो. तिनं कापलं नाही. बासरीही नाही.

आता खरी गंमत. बाहेर चहाच्या गाड्यावर ते इस्त्रीचे आजोबा भेटले. मी भांडायच्याच तयारीत होतो. माझं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे पोलीस पाटील होते. रात्री कंदील घेऊन हजेरी घ्यायला जायचे. हे लहानपणी कंदील धरून बरोबर. नाव पुकारलं की घरातनं 'जी' यायचं. एकदा आलं नाही. पुढं काय झालं ते सांगितलं नाही, कप खाली ठेवला.

अहो मग मघाशी माइकवर हे का नाही बोललात! ही दुसरी बाजू मला ऐकायचीय. इंडोनेशियात १९६५-६६ ला ज्यांनी माणसं मारली त्यांनाच 'द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग'वाल्यानं कॅमेऱ्यासमोर उभं केलं, आणि त्यांनी छाती फुगवून सगळं करून दाखवलं. हे आजोबा छाती फुगवणारे नाहीत. यांना काहीतरी खुपतंय. पण हॉलमध्ये ते 'दुसरी बाजू' म्हणून उठले ते त्या म्हाताऱ्यांचं बोलणं खोडायला, हा माझा राग अजून आहे. तोंडावर सांगितलं त्यांना. मान हलवली त्यांनी, होय की नाही ते कळलं नाही.

कॅमेरा घेऊन येऊ का विचारलं. "नाव येणार का त्यात?" म्हणाले. नको असेल तर नाही येणार, म्हटलं. त्या 'अ‍ॅक्ट ऑफ किलिंग'च्या शेवटी पण त्यात काम केलेल्या कितीतरी इंडोनेशियन लोकांच्या नावाच्या जागी 'अनामिक' लिहिलंय, भीतीनं. "घरात विचारून सांगतो" म्हणाले. नंबर घेतलाय.

रविवारी मला लग्न नाही. ते हो म्हणाले तर लाइट धरायला एक माणूस लागेल, गप्प बसता येणारा. कुणाला यायचं असेल तर मेसेज करा.