शेकरूची पाठ

गेल्या रविवारी भीमाशंकरला गेलो होतो. पुण्यातून पहाटे साडेचारला निघालो, मंचरला चहा घेतला आणि आठच्या सुमारास गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागलो. थोड्याच अंतरावर शेकरू दिसलं. उंच फांदीवर शेपूट खाली सोडून, पुढच्या पायांत फळ धरून निवांत खात बसलेलं. मी दुर्बीण लावली, तेवढ्यात मागून सात-आठ जण आले. सगळ्यांकडे मोठमोठ्या लेन्स. शेकरू पाठमोरं होतं म्हणून आधी चुटक्या वाजल्या, मग शिट्ट्या, आणि शेवटी एकाने खोडावर दगड हाणला. फळ खाली पडलं, शेकरूने झेप घेतली आणि दिसेनासं झालं. झेपेचा फोटो कुणाला तरी मिळाला, त्याचं कौतुकही लगेच झालं.

मला ते फार लागलं. हा आपला राज्यप्राणी. १९८५ साली इथे अभयारण्य झालं त्यात या खारीचा मोठा वाटा आहे. ती सहसा जमिनीवर उतरत नाही, झाडावरून झाडावर जाते. घरटं बांधते तेही टोकाच्या बारीक फांद्यांत, शिकाऱ्याचं वजन पेलणार नाही अशा जागी. इतकं जपून जगणाऱ्या जिवाला आपण केवळ तोंड दिसावं म्हणून उठवायचं?

माझं मत स्पष्ट आहे. आपण आल्यामुळे प्राण्याने हातातलं काम सोडलं, तर तो फोटो फसला. भले तो कितीही शार्प असो.

हे मी अनुभवातून सांगतोय. काही वर्षांपूर्वी सिंहगडाच्या खोऱ्यात मी मोबाइलवर नवरंगाची शीळ वाजवली होती. पावसाच्या तोंडावर हा पक्षी विणीसाठी येतो आणि दोन सुरांची शीळ घालून आपली हद्द सांगतो. माझी शीळ ऐकून नर धावत आला, कारण त्याला वाटलं दुसरा नर घुसलाय. पाच-सहा वेळा आला. मला फोटो मिळाला, त्याची सकाळ नसलेल्या शत्रूला शोधण्यात गेली. तो फोटो मी नंतर काढून टाकला.

घरट्यांचं तर बोलायलाच नको. पानं बाजूला करून, फांदी वाकवून फोटो काढला की पिल्लं उन्हात उघडी पडतात आणि कावळा, टकाचोर यांना पत्ता लागतो. आईबाप तर आपल्या भीतीने जवळ येतच नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत आमिष दाखवणं आणि पक्ष्यांची अंडी, घरटी विस्कटणंही येतं. बंदूक हातात नसली तरी.

आता मे-जूनमध्ये काजव्यांसाठी भंडारदरा, राजमाचीकडे गाड्यांची रांग लागेल. काजवा चमकतो तो जोडीदाराला खूण करण्यासाठी. त्यात आपले हेडलाइट, टॉर्च आणि फ्लॅश पडले की त्या खुणा एकमेकांना दिसत नाहीत. प्रौढ काजव्याच्या हाती दिवस मोजकेच असतात हो. ट्रायपॉड लावा, शटर जास्त वेळ उघडं ठेवा, टॉर्च बंद करा. फोटोही तसाच चांगला येतो.

भीमाशंकर, आहुपे परिसरातल्या महादेव कोळ्यांनी देवराया राखल्या. देवाच्या राईतली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा तिथला जुना रिवाज. आपण ज्या जंगलात कॅमेरा घेऊन जातो, ते अशा माणसांमुळे उरलंय. तिथे जाताना निदान आवाज तरी खाली ठेवू या.

तो ग्रुप गेल्यावर मी त्याच झाडाखाली बसून राहिलो. पाऊण तासाने शेकरू परत आलं. डहाळ्या तोडून तोंडात धरायचं, पलीकडच्या झाडावर न्यायचं, पुन्हा यायचं. घरटं चाललं होतं. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. सोबतच्या फोटोत त्याची पाठ आहे, शेपटी आहे आणि तोंडातल्या डहाळीची दोन पानं दिसतायत.