गुडघा बदलल्यावर तीन महिने पडून राहा म्हणणारा तो मेसेज, आणि त्याचं उत्तर

सध्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, बहुतेकांकडे आलाच असेल. वर लिहिलंय "गुडघा बदललेल्यांसाठी महत्त्वाची सूचना" आणि खाली मुद्दे. ऑपरेशननंतर तीन महिने पूर्ण आराम, गुडघ्याखाली कायम उशी, जिना बंद, मशीनवर पाय ठेवला की व्यायामाची गरज नाही, जास्त चाललं की आतलं प्लास्टिक झिजतं आणि दहा वर्षांत परत ऑपरेशन, दुखलं की व्यायाम लगेच थांबवा, आणि खाली बसणं आयुष्यभर विसरा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन पेशंट बघते, आणि हल्ली चप्पल काढायच्या आत घरातलं कोणीतरी मोबाइल पुढे करून विचारतं की मॅडम हे खरं का. यातल्या बऱ्याच गोष्टी नुसत्या चुकीच्या नाहीत तर पेशंटचं नुकसान करणाऱ्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी तीन महिने आराम. हा मुद्दा वाचून मला खरंच काळजी वाटते. आजकाल ऑपरेशनच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पेशंटला वॉकर देऊन उभं करतात, ते काही बेड रिकामा करायची घाई म्हणून नाही. पडून राहिलं की पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गाठ व्हायचा धोका वाढतो, ती गाठ फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून तर शुद्धीवर आल्यापासून पावलं वर-खाली हलवायला सांगतात. दुसरं म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. ऑपरेशननंतर महिनाभरात त्याची ताकद निम्म्याहून जास्त उतरलेली असते, सुजेमुळे आणि दुखण्यामुळे मेंदू त्या स्नायूला नीट कामालाच लावत नाही. पेशंट म्हणतात पाय माझा वाटतच नाही, उचलायला गेलं तर उचलला जात नाही, ते यामुळेच. अशा स्नायूला अजून तीन महिने झोपवून ठेवलं तर नवा गुडघा कितीही भारी असू दे, त्याला उभं कोण धरणार? आणि तिसरं म्हणजे आत तयार होणारी जखमेची टिश्यू. पहिले सहा ते आठ आठवडे ती मऊ असते, तेवढ्यात गुडघा वाकवून-सरळ करून घ्यायचा असतो, नंतर ती घट्ट होते आणि मग कितीही जोर लावा, पाच-पाच अंशांसाठी झगडावं लागतं. काही पेशंटना परत भूल देऊन गुडघा वाकवून घ्यायची वेळ येते. ऑपरेशनसाठी लोक एफडी मोडतात हो, 2017 मध्ये सरकारने इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीला मर्यादा घातली तरी एकूण खर्च काही कमी नसतो, आणि एवढं सगळं करून गुडघा आखडून बसायचा?

साधारण हिशोब सांगते. साधं चालायला गुडघा 65 अंशांच्या आसपास वाकावा लागतो, जिन्याला 80 ते 90, खुर्चीतून हात न लावता उठायला 90 किंवा थोडा जास्तच. म्हणून आम्ही पहिल्या दोन आठवड्यांत 90 च्या मागे लागतो. उगाच छळायचं म्हणून नाही.

आता उशी. हा मुद्दा सगळ्यात निरागस दिसतो आणि मला सगळ्यात जास्त हाच खटकतो. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, कारण सुजलेल्या गुडघ्याला किंचित वाकलेलं राहायला आवडतं. पण रात्र-रात्र तसंच ठेवलं की गुडघा पूर्ण सरळ व्हायचं विसरतो, आणि दहा-पंधरा अंश वाकलेला गुडघा म्हणजे चालताना कायमचं लंगडणं, थोडं उभं राहिलं तरी मांडी भरून येणं, कंबर दुखणं. सगळे वाकवण्याचं विचारतात, किती वाकला, किती वाकला, सरळ किती झाला हे कोणी विचारतच नाही. घरी एक करून बघा. पेशंटला पलंगावर पाय लांब करून बसवा, टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नाही, टाचेखाली. आता सांगा, गुडघ्याची मागची बाजू गादीकडे दाबा. नीट जमत असेल तर वाटी मांडीच्या दिशेने सरकताना दिसते आणि मांडीचा पुढचा भाग कडक होतो, हात ठेवून बघा. पाच सेकंद धरायचं, सोडायचं. टीव्ही बघता बघता होतं हे. सूज असेल तर अख्खा पाय उंच ठेवायचा, पोटरी आणि टाचेला आधार देऊन, गुडघा सरळ ठेवून.

जिना अजिबात नाही म्हणे. आपल्याकडे किती जण लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांनी काय हॉस्पिटलमध्येच मुक्काम करायचा? बऱ्याच ठिकाणी डिस्चार्जच्या आधी जिना शिकवूनच सोडतात. चढताना चांगला पाय आधी वर, मग ऑपरेशनचा. उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी, एका पायरीवर दोन्ही पाय आले की मगच पुढची. काही आठवड्यांनी ताकद आली की एकाआड एक पाय टाकत चढता येतं, उतरायला थोडा जास्त वेळ लागतो.

मशीनचं थोडक्यात. ते पाय आपोआप हलवणारं मशीन भाड्याने आणतात लोक. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने 2014 मध्ये याबद्दलचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा गुडघा वाकण्यात सरासरी दोनेक अंशांचा फरक निघाला, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मशीन पाय हलवतं, स्नायू नाही. ते पैसे फिजिओला किंवा घरच्या कमोडशेजारी पकडायचा दांडा बसवायला वापरा.

चालल्याने झिजतं आणि दहा वर्षांत परत ऑपरेशन, ही भीती खोलवर बसलीये लोकांच्या मनात. एक तर गुडघा "काढून टाकतात" असं नसतं, हाडांच्या टोकांचा झिजलेला पृष्ठभाग काही मिलिमीटर कापून त्यावर धातूचं आवरण आणि मध्ये पॉलिइथिलीनची, म्हणजे प्लास्टिकची, गादी बसवतात. ती गादी झिजते हे खरं, पण किती वर्षांनी? 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या सांधेबदल ऑपरेशनांच्या नोंदवह्यांवरून आकडे आले, पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के 25 वर्षांनीही टिकून होते. त्या लोकांनी काय 25 वर्षं बसून काढली? आणि बर्लिनच्या संशोधकांनी तर कृत्रिम गुडघ्यातच सेन्सर बसवून भार मोजलाय. सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास, जिना उतरताना साडेतीन पटींच्या जवळपास, व्यायामाच्या सायकलवर त्याहून खूपच कमी. यावरून काय करायचं ते कळतं: चालणं, सायकल, पोहणं बिनधास्त, अर्थात जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांना विचारून. जॉगिंग, उड्या, फुटबॉल नको. किल्ले चढायची आवड असेल तर चढण्यापेक्षा उतरणं जड जातं हे लक्षात ठेवून सोबत काठ्या घ्या, आणि वजन आटोक्यात ठेवा, कारण प्रत्येक किलो या पटीनेच गुडघ्यावर येतो.

अटलबिहारी वाजपेयींचं उदाहरण मी पेशंटना नेहमी देते. पंतप्रधान असतानाच मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये ऑक्टोबर 2000 ला डावा गुडघा आणि जून 2001 ला उजवा, डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केला होता. दुसऱ्या ऑपरेशननंतर पुढच्याच महिन्यात आग्र्याला पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांच्याबरोबरची शिखर परिषद होती आणि वाजपेयी तिथे होते, वय 76. त्यांची चाल पुढेही सावकाशच राहिली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, पण 2004 पर्यंत ते पंतप्रधान म्हणून काम करत होते, अंथरुणावर नव्हते.

दुखलं की व्यायाम बंद, याचं उत्तर असं की दुखणार आहे. पहिले काही आठवडे चांगलंच दुखणार, रात्री जास्त, आणि सूज-गरमपणा तर तीन ते सहा महिने रेंगाळतो. गोळी घेऊन अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम करा, नंतर बर्फ लावा, टॉवेलमध्ये गुंडाळून. गरम शेक आणि तेलाची जोरदार मालिश सुरुवातीला नको, टाक्यांवर तर तेलाचा थेंबसुद्धा नको. व्यायामाने वाढलेलं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत खाली येत असेल तर चालू ठेवा, चढंच राहिलं तर संख्या कमी करा, बंद नाही. मात्र पोटरी एकदम सुजली आणि दुखायला लागली, जखमेतून पाणी किंवा पू येतोय, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. छातीत दुखलं किंवा अचानक दम लागला तर वाट बघू नका, थेट हॉस्पिटल. आणि हेही सांगायला हवं की साधारण पाचातला एक पेशंट वर्षभरानंतरही पूर्ण समाधानी नसतो, काहींना दुखणं राहतं. अशांना "तुम्ही व्यायाम केला नसेल" म्हणून गप्प करू नका, तपासून घ्या.

राहिला खाली बसण्याचा मुद्दा, इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. उकिडवं बसणं, भारतीय संडास, मांडी घालून तासभर पूजा, हे बहुतेक सर्जन टाळायलाच सांगतात आणि ते ऐकावं. चौरंगासमोर खुर्ची घेऊन बसलेल्या यजमानाला कोणी नावं ठेवत नाही आता. पण जमिनीवर कधीच जायचं नाही हे मला पटत नाही, कारण पडलं तर उठायला यायला हवं ना. तीनेक महिन्यांनी, जखम पूर्ण भरल्यावर आणि सर्जनने हो म्हटल्यावर, हे मुद्दाम शिकून घ्या. कुशीवर वळायचं, हात आणि गुडघ्यांवर यायचं, ऑपरेशनच्या गुडघ्याखाली गोधडीची घडी घ्यायची. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर असते त्यामुळे टेकताना विचित्र वाटतं, पण टेकल्याने इम्प्लांटला काही होत नाही. तसंच पलंगापर्यंत सरकायचं, दोन्ही तळहात पलंगावर, चांगल्या पायाचं पाऊल पुढे टेकवायचं आणि हातांवर जोर देऊन उठायचं. पहिल्या वेळी फिजिओ शेजारी हवाच.