बार्टीला कारण विचारणाऱ्यांनो

आज २३ मार्च २०२२, सकाळपासून डोकं तडकलंय. अ‍ॅश्ले बार्टीनं टेनिस सोडलं. ऑस्ट्रेलियाची टेनिसपटू, वय पंचवीस, पुढच्या महिन्यात सव्वीस पूर्ण होतील. जगात एक नंबर, तोही सलग ११४ आठवडे. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली त्याला अजून दोन महिने झाले नाहीत. दुखापत नाही, भांडण नाही, कसलं लफडं नाही. दुहेरीतली जुनी जोडीदार केसी डेलाक्वा हिला सोबत घेऊन व्हिडिओ केला, भरल्या डोळ्यांनी सांगितलं की शरीरात आता द्यायला काही उरलं नाही, वर टिकायला जी ओढ लागते ती उरली नाही. बस. विषय संपला.

वाईट वाटलंच. पण डोकं तडकलं ते आमच्या शाळेच्या ग्रुपवर त्यानंतर जे सुरू झालं त्यानं. "पैसा झाला की माज येतो." "लग्न करायचं असेल." "कायतरी लपवतेय, बघा महिन्याभरात कळेल." "हातात आलेलं लाथाडलं." लिहिणारे सगळे शिकले-सवरलेले, लातुरात नाहीतर पुण्यात चांगल्या नोकरीला. निम्म्यांना बार्टी कोण हे आजच कळलेलं. तिथं मी एक अक्षर लिहिलं नाही. इथं लिहितोय, कारण इथली माणसं माझी आहेत आणि त्यांना पहिल्या इयत्तेपासून समजवावं लागत नाही.

हा राग नुसता टेनिसचा नाही. आमच्याकडं टेनिस म्हणलं की लोकांना टेनिस बॉलचं क्रिकेट आठवतं. राग ताईचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझी थोरली बहीण खो-खो खेळायची. आमचं गाव कळंब तालुक्यातलं, आणि उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात खो-खो म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ताई संरक्षणाला उतरली की मुलं शाळेच्या भिंतीवर चढून बसायची. साखळीत पळताना ती खांबाजवळ अशी गर्रकन वळायची की मागचीचा हात हवेत राहायचा. मैदान मुरमाचं. गुडघ्यावरची खपली निघायच्या आत त्याच जागी नवी जखम. आई रात्री तेलात हळद गरम करून लावायची आणि लावता लावता शिव्याही द्यायची. मी शेजारी अभ्यासाला बसलेलो असायचो, तो हळदीचा वास अजून माझ्या नाकात आहे.

मग एके वर्षी महाराष्ट्राच्या संघाच्या सराव शिबिराला तिचं नाव लागलं. खो-खोच्या सरांनी गावात पेढे वाटले. आणि त्याच आठवड्यात ताईनं नी-कॅप धुतल्या, दोरीवर वाळत घातल्या, वाळल्यावर घडी करून कपाटात ठेवल्या आणि आईला म्हणाली, "बास. आता नाही खेळायचं मला."

त्यानंतर गावानं कारण शोधायला घेतलं.

ते नंतर सांगतो, आधी बार्टीचं. आज जो तो म्हणतोय की "अचानक" सोडलं. अरे, तिचं आधी काही वाचलंय का? २०११ ला, पंधराव्या वर्षी ज्युनिअर विम्बल्डन जिंकली. २०१३ ला डेलाक्वाबरोबर तीन ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांच्या, दुहेरीच्या फायनलला गेली. सगळा ऑस्ट्रेलिया डोळे लावून बसलेला, आणि २०१४ च्या यूएस ओपननंतर पोरीनं रॅकेट ठेवून दिली. वय अठरा. घरी गेली, मासे पकडले, क्रिकेट खेळली. नुसतं गल्लीतलं नाही, ब्रिस्बेन हीटकडून महिलांच्या बिग बॅशच्या पहिल्याच मोसमात खेळली. तेव्हाही म्हणणारे म्हणालेच असतील की संपली. २०१६ ला परत आली, आणि २०१९ मध्ये फ्रेंच ओपन जिंकून एक नंबरला पोचली.

थांबली म्हणून ती चॅम्पियन झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा तिला घरी जाऊ दिलं नसतं, तर अठराव्या वर्षीच मनानं मेलेली एक खेळाडू पुढची दहा वर्षं कोर्टावर दिसली असती.

२०२० ला कोरोनात ती फ्रेंच ओपनचं विजेतेपद राखायला गेलीच नाही, घरी राहिली. २०२१ ला गेली, तर ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाईनच्या नियमांमुळं मार्चमध्ये निघालेली बाई यूएस ओपन होईपर्यंत घरी येऊ शकली नाही. त्याच दौऱ्यात विम्बल्डन जिंकलं. कधी केला कुणी तिचा विचार, की पोरगी सहा-सहा महिने सुटकेस घेऊन फिरतेय? कप उचलताना दिसते तेवढीच आपल्याला दिसते.

आता गावाचं ऐका. सर घरी आले, अण्णांसमोर बसले, चहाला हात लावला नाही. त्या भल्या माणसाला शंकेनं घेरलं ते वेगळंच, कारण लोक लगेच कुजबुजायला लागले की सरांचंच काही असणार. चुलते आले. "पोरीचं बाहेर कुठं काही आहे का बघा" असं ते अण्णांना अंगणात म्हणाले, ताई आत भाकरी थापत होती, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मावशी म्हणाली अंगात काही शिरलं असेल. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा राखीव असतात, तो हिशोब तर ज्यानं त्यानं ऐकवला. "नोकरी घालवलीस." जणू ती त्या पाच टक्क्यांसाठीच मुरमावर गुडघे फोडून घेत होती.

आणि मला सगळ्यात चीड कशाची येते सांगू का? तिचा पाय मोडला असता तर ह्याच गावानं डोळे पुसले असते. "लई चांगली खेळायची हो लेकरू" म्हणून वर्षानुवर्षं हळहळले असते. लग्न ठरलं म्हणून सोडलं असतं तर कुणी एक शब्द विचारला नसता, उलट आहेर आणला असता. हाड मोडलं किंवा लग्न झालं, ह्या दोनच कारणांनी बाईनं थांबायचं. माझं मन भरलं, मी थांबते, हे कारण आपल्या वहीतच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळतो आपण, त्याच्या थकव्याची वर्षातनं एकदा का होईना दखल घेतो. पोरीला मात्र पुरावा मागतो.

स्वीडनचा टेनिसपटू बियॉन बोर्ग. अकरा ग्रँड स्लॅम, त्यात लागोपाठ पाच विम्बल्डन. १९८१ ची यूएस ओपनची फायनल मॅकेन्रोसमोर हरला आणि बक्षीस समारंभाला न थांबता निघून गेला. १९८३ ला, सव्विसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर. त्याच्याबद्दल आजही लोक कसं बोलतात? गूढ माणूस, बर्फासारखा थंड, मनाचा थांग लागला नाही. आणि बार्टीबद्दल? लग्न करायचं असेल. माझ्या माहितीतल्या एकाही माणसानं आज "तिच्या मनाचा थांग लागला नाही" असं म्हणलेलं नाही. आपल्यातल्या बायकांना हे सांगायची गरज नाही, त्या सकाळीच समजून बसल्या असतील.

बेल्जियमची टेनिसपटू जस्टिन हेनिन, तिचंही तेच झालं होतं. मे २००८, फ्रेंच ओपन तोंडावर आलेली, आधीची तीन वर्षं तीच जिंकलेली, जगात एक नंबर, वय पंचवीस. एके दिवशी पत्रकारांना बोलावून सांगितलं, संपलं. साडेपाच फुटांची बाई, एका हाताचा तो बॅकहँड, मी तर तसा दुसऱ्या कुणाचा बघितला नाही. सात ग्रँड स्लॅम, ऑलिम्पिकचं सुवर्ण. बरं, ती २०१० ला परत आली, ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलपर्यंत गेली, कोपर दुखावलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा थांबली. बोर्गसुद्धा १९९१ मध्ये लाकडी रॅकेट घेऊन परत आला आणि त्याला जमलं नाही. तेव्हा "बघा, पस्तावतात शेवटी" असं कुणी म्हणणार असेल तर म्हणू दे. परत यावंसं वाटलं, आले. त्यात आधीचा निर्णय खोटा कसा ठरतो?

पैशाचा मुद्दा खरा आहे, मान्य. बार्टीच्या बँकेत जे आहे ते आमच्या ताईच्या सात पिढ्यांना पुरलं असतं, आणि पोट भरलेल्या माणसाला थांबणं सोपं जातं. पण मग पैसा असलेले सगळेच का थांबत नाहीत? जाऊ दे, ह्यावर जास्त बोलत नाही.

एक गोष्ट मात्र मलाही लागली. बार्टी मूळची तिथल्या आदिवासी समाजातली, न्गारिगो लोकांची. तिच्या आधी इव्हॉन गूलागाँग, तीही तिथल्या मूळनिवासी विराजुरी समाजातली. गूलागाँगनं १९७१ मध्ये पहिल्यांदा विम्बल्डन जिंकलं, त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा बार्टी तिच्यासारखाच लहरी काठाचा ड्रेस घालून विम्बल्डनला उतरली आणि जिंकली. यंदा मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा कप बार्टीच्या हातात दिला तो गूलागाँगनंच. ज्या लोकांची जमीन गेली, लेकरं हिरावून नेली, त्यांच्यातल्या एका बाईनं दुसरीच्या हातात कप दिला, आणि तो ऑस्ट्रेलियाच्या बाईनं घरच्या मैदानावर एकेरीत मिळवलेला १९७८ नंतरचा पहिला कप. मी घरी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या. त्या समाजातल्या लहान पोरींना ती अजून चार वर्षं दिसायला हवी होती, असं वाटतंच. पण ते वाटणं माझं आहे. तिच्यावर त्याचं कर्ज नाही.

दुपारी ताईला फोन केला. एसटीचा संप मिटता मिटेना, नाहीतर रविवारीच तिच्याकडं जाऊन आलो असतो. तिला बार्टी माहीत नव्हती. सगळं सांगितलं, एक नंबर, पंचवीस वर्षं, सोडून दिलं. ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग पहिला प्रश्न काय विचारावा? "तिच्या घरचे काय म्हणले रे?"

वीस वर्षं होत आली असतील ह्या गोष्टीला. बाई दोन लेकरांची आई आहे, बँकेत नोकरी करते, स्वतःच्या परीक्षेच्या जोरावर मिळवलेली. तरी पहिला प्रश्न हाच.

मी म्हणलं, घरचे पाठीशी आहेत असं दिसतंय. "मग बरं आहे," म्हणाली.

आणि मग आपणहून बोलली, जे मी तिला कधी विचारलं नव्हतं. म्हणाली, संरक्षणाला उतरायच्या आधी पोटात गोळा यायचा. दरवेळी. जिल्ह्याची असो की शाळेची मॅच असो. सर म्हणायचे की तो गोळाच तुला पळवतो. शिबिराचं पत्र आलं त्याच्या आधीच्या मॅचला तो आलाच नाही. पळाले, नाबाद राहिले, बक्षीस घेतलं, पण गोळा आला नाही. "तेव्हाच कळलं मला. कुणाला सांगणार? अण्णांना सांगू, की पोटात गोळा येत नाही म्हणून खेळणं सोडते?"

बार्टीनं आज जे सांगितलं ते ह्यापेक्षा वेगळं काय आहे? ओढ उरली नाही. फरक इतकाच की बार्टीच्या शेजारी बसून ऐकायला कुणीतरी होतं.

२०२० ला सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळाला, उस्मानाबादची पोरगी, भारताची कर्णधार होऊन २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकून आलेली. आम्हा सगळ्यांना कोण आनंद झाला होता. ताईला तर सगळ्यात जास्त. आणि त्याच संध्याकाळी आमच्या आत्यानं ताईला फोन करून ऐकवलं, "तू खेळली असतीस तर आज तुझा फोटो असता." का? सारिकानं खेळत राहून मिळवलं, तिला सलाम. ताई थांबली, तिलाही माझा सलाम. एकीच्या यशानं दुसरीच्या तोंडात मारायची ही कुठली रीत?

लिहिता लिहिता राग बराच उतरलाय. शनिवारपासून आयपीएल सुरू होतंय, ग्रुपवरची मंडळी तिकडं वळतील आणि बार्टीला विसरतील. विसरायच्या आधी एक करा. जानेवारीतल्या त्या फायनलचा दुसरा सेट युट्यूबवर शोधा. समोर डॅनियल कॉलिन्स, बार्टी १-५ नं मागं. साडेपाच फुटाच्या आतबाहेरची ही पोरगी बॅकहँडचा स्लाइस असा खाली ठेवते की चेंडू उठतच नाही, समोरचीला दरवेळी गुडघ्यात वाकून तो उचलावा लागतो, आणि हळूहळू तिचे फटके बाहेर जायला लागतात. ५-५. टायब्रेक ७-२. मग ती जी ओरडते ना, अख्ख्या स्पर्धेत जिनं चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही ती! पूर्ण स्पर्धेत एकही सेट न हरता जिंकली.

१-५ पासून बघा आणि मग सांगा मला ही बाई मैदान सोडून पळणारी आहे का. लिंक शाळेच्या ग्रुपवर टाकतोय आत्ताच, नाव घेऊन, ज्यानं ज्यानं सकाळी लिहिलं त्याला त्याला.