सुदानवर का नाही बोलत? बरं, बोलूया

सुदान आपल्याला दोनच प्रसंगी आठवतं. एक, आपली माणसं तिथं अडकली की. एप्रिल २०२३ मध्ये 'ऑपरेशन कावेरी' सुरू होतं तेव्हा चॅनेलवाल्यांना सुदानची राजधानी खार्टूम सापडली होती. माणसं सुखरूप परत आली आणि खार्टूम पुन्हा हरवलं. दुसरा प्रसंग जास्त संतापजनक. कुणी गाझावर लिहिलं की लगेच कुणीतरी विचारतं, "सुदानवर का नाही बोलत?" विचारणाऱ्याने स्वतः सुदानवर आयुष्यात एक ओळ लिहिलेली नसते.

तर बोलूया. सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुर भागातलं अल फाशर हे शहर घ्या. सुदानच्या लष्कराशी युद्ध करणाऱ्या आरएसएफ या निमलष्करी दलाने मे २०२४ पासून त्याला वेढा घातला, ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर पडलं. मधल्या काळात धान्य मिळेनासं झालं तेव्हा लोक अंबाझ खाऊन जगत होते. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली पेंड. आपल्याकडे म्हशीपुढे ठेवतात तीच. पाण्यात कालवून, शिजवून आया ती पोरांना भरवत होत्या. शेवटी शेवटी तीही मिळेना.

आरएसएफची मुळं दारफुरमध्ये २००३ पासून कत्तली करणाऱ्या जंजावीद टोळ्यांत आहेत. पण म्हणून समोरचं सुदानचं लष्कर काही धुतल्या तांदळाचं नाही. मार्च २०२५ मध्ये त्याच्या विमानांनी दारफुरमधल्याच तोरा गावाच्या भरल्या बाजारावर बॉम्ब टाकले. या युद्धात एकूण किती मेले, याची धड मोजणीही नाही. काही अंदाज दीड लाखापर्यंत जातात.

मग आपण गप्प का? माझ्या मते, हे युद्ध आपल्या भांडणात कुणाच्याच कामाचं नाही. उठसूट अमेरिकेला झोडपणाऱ्यांना इथं अमेरिकेची विमानं दिसत नाहीत. मुसलमानांवर घसरणाऱ्यांची अडचण अशी की मारणारे आणि मरणारे, दोघेही बहुतेक मुसलमानच. कळवळा खरा असता तर मारणारा कोण हे बघून तो जागा झाला नसता.

"आपण इथं बसून काय करणार?" हा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे. युद्ध आपल्याच्याने थांबणार नाही. पण आरएसएफला संयुक्त अरब अमिरातीकडून शस्त्रं जातात, हे आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना विश्वासार्ह वाटले आहेत. अमिराती ते नाकारते. सुदानच्या खाणींतलं बरंचसं सोनंही तिकडेच जातं, आणि दुबईचं सोनं आपल्याकडे येतं. पाडव्याला खरेदी करताना हे कुठून आलं, एवढं तरी सराफाला विचारा. वेड्यात काढेल. काढू दे.