सूर्यडागांच्या त्या आलेखाबद्दल खुलासा

‘300 वर्षांत सूर्यडाग वाढतच गेले, म्हणून पृथ्वी तापतेय’ हा आलेख फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता, चूक माझी.

आलेख जुन्या आकड्यांचा आहे. झुरिकमध्ये 1947च्या सुमारास मोठ्या डागांना जास्त वजन देऊन (म्हणजे एक मोठा डाग अनेक धरून) मोजणी सुरू झाली, त्यामुळे पुढचे आकडे फुगले. ब्रुसेल्सच्या वेधशाळेने 2015मध्ये सुधारित मालिका दिली, तीत 18व्या, 19व्या आणि 20व्या शतकांतली डागसंख्येची शिखरं बरीच जवळजवळ येतात. (नव्या मालिकेत सगळेच आकडे मोठे दिसतात, कारण मोजलेल्या आकड्याला 0.6ने गुणायची जुनी पद्धत बंद केलीय. जुने-नवे आकडे एकाच आलेखात मिसळू नका.) शिवाय 1980नंतर तापमान चढलं, सूर्यचक्रं (साधारण 11 वर्षांनी डाग वाढण्या-घटण्याचा क्रम) मात्र ढोबळमानाने मंदावली. 2014चं शिखर तर शंभर वर्षांतलं सर्वांत कमी होतं.

तो आलेख पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर हा खुलासाही तिथेच टाका.