‘खनिजं घ्या, लिव्हर सुधारेल’: औषधाच्या काउंटरवरून उत्तर

परवा एक मुलगा दुकानात आला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. “यातलं सगळं द्या.” वडिलांना सिरॉसिस, म्हणजे यकृतावर व्रण होऊन ते कडक होत जाण्याचा आजार. तो मजकूर मीही चार ग्रुपांवर वाचला होता: झिंक, लोह आणि सेलेनियम रोज घ्या, तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्या, सैंधव किंवा कमी सोडियमचं मीठ वापरा, तीन महिन्यांत यकृत पूर्ववत होतं, आणि खनिजं नैसर्गिक असल्यामुळे अपाय शून्य. या गोळ्या विकूनच माझं घर चालतं. तरी मी त्याला त्यातलं काही दिलं नाही.

झिंकची ओळ निम्मी खरी आहे, म्हणूनच ती जास्त फसवते. सिरॉसिसमध्ये झिंक कमी पडतं. अमोनियाचं युरिया करण्याच्या कामात झिंकचा हात असतो, त्यामुळे अमोनिया वाढून रुग्ण बरळायला लागला तर काही डॉक्टर लॅक्ट्युलोजच्या (अमोनिया शौचावाटे कमी करणाऱ्या औषधाच्या) जोडीला झिंक देतात. जोडीला, त्याच्याऐवजी नाही. सिरॉसिस त्याने पुसला जात नाही. प्रौढांसाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरतात, आणि दुकानात सहज मिळणाऱ्या एका गोळीत ५० असतं. महिनोन्‌महिने असा डोस घेतला तर शरीरातलं तांबं घटतं, रक्त कमी होतं, पायांना मुंग्या येतात.

“अशक्तपणा आहे, मग लोह घ्या” हे त्याहून वाईट. जादा लोह बाहेर टाकायची शरीराला वाटच नाही. आतड्यातून किती लोह आत घ्यायचं हे हेप्सिडिन नावाचं हार्मोन ठरवतं आणि ते बनतं यकृतात. दारूने किंवा हिपॅटायटिस सीने यकृत बिघडलं की हेप्सिडिन घटतं, आणि नको तेवढं लोह शिरून यकृतातच साठतं. खरोखर रक्त कमी असेल, तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांमधून ते जातंय का हे आधी बघायला हवं. त्याची खूण म्हणजे काळी शौच. लोहाच्या गोळीनेही शौच काळीच होते, म्हणजे खूणच झाकली जाते.

तांब्याच्या पाण्याची ओळ वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण हा धडा पुण्यातच शिकून झालाय. लहानग्यांचा जीव घेणारा इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस. केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत, त्या यकृतांत साठलेल्या तांब्याचा माग बाळाच्या दुधापर्यंत काढला. १९८३ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात तापवून ठेवलेलं दूध तांबं उचलायचं. भांडी बदलली, आजार दुर्मिळ झाला. धडधाकट मोठ्या माणसाच्या तांब्याभर पाण्याची गोष्ट वेगळी. पण जादा तांबं पित्तावाटे बाहेर पडतं, आणि पित्त अडलेल्या यकृतात ते साचत जातं. विल्सन या अंगात तांबं साठण्याच्या जन्मजात आजारात तर तांबं आत शिरू नये म्हणून झिंकच देतात. म्हणजे या मजकुरातली एक ओळ दुसरीवरचा उतारा आहे!

सेलेनियमचं थोडक्यात: पुरेसं आणि जास्त यांत अंतर फार कमी. जास्त झालं की केस गळतात, नखं तुटतात, श्वासाला लसणासारखा वास येतो.

राहिलं मीठ. सैंधव म्हणजेही सोडियम क्लोराइडच. पोटात पाणी झालेल्याला ते साध्या मिठाइतकंच मोजून. आणि कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. मी मुलाला विचारलं, बाबांना कुठल्या गोळ्या चालू आहेत? त्याने पिशवीतून रिकामी पट्टी काढली. स्पायरोनोलॅक्टोन. पोटातलं पाणी उतरवणारी ही गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवते, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

“ते मीठ घरी आणलंत का?”

“आठवडा झाला.”

डॉक्टरांना फोन मी तिथेच, काउंटरवरून लावायला लावला. रक्तातलं पोटॅशियम त्यांनी त्याच संध्याकाळी तपासायला सांगितलं.