म्हशीच्या जागी विमान

मे महिन्यात परभणीकडं पारा ४३-४४ वर गेला की शहाणी माणसं पंख्याखाली पडून राहतात. मी गोठ्यात विमान चिकटवत असतो. म्हैस विकून सहा वर्षं झाली. तिच्या दावणीवर आता १४ फुटांचा पंख टेकलाय.

नकाशे पिटनपोल नावाच्या अमेरिकी गृहस्थांच्या विमानाचे. त्यांनी १९२९ साली फोर्ड मोटारीचं इंजिन लाकडी सांगाड्याला बसवून ते चक्क उडवलं. लाकूड, प्लाय, कापड आणि गोंद. म्हटलं, यात काय अवघड?

गोंद अवघड निघाला. इपॉक्सीची दोन द्रावणं मापानं कालवली की ती आपोआप तापतात, आणि जितकी तापतात तितकी लवकर आवळतात. डब्यावर लिहिलेला अर्धा तास थंड हवेतला. आमच्या पत्र्याखाली, चहाच्या पातेल्यात कालवलेला गोंद पंखाच्या पहिल्या फासळीला लावेपर्यंत धूर सोडायला लागला. चमचा त्यात उभा राहिला, तो आजही उभाच आहे. पसरट भांड्यात पातळ पसरला तर उष्णता निघून जाते, हे मग कळलं. घरात पसरट भांडं एकच, हिच्या माहेरची परात. तिचं काय झालं ते लिहीत नाही. आता पहाटे पाचलाच गोंद कालवतो, आणि घरात पीठ काठवटीत मळलं जातं. मळताना आवाज जरा जास्त येतो.

फासळ्या वाळेपर्यंत दाबून धरायला चिमटे लागतात, कितीही असले तरी कमीच. दोरीवरचे सगळे नेले. त्या दिवशी वावटळ आली, आणि आमच्या घरातलं पहिलं उड्डाण माझ्या बनियननं केलं.

येणाऱ्याजाणाऱ्याला एकच चिंता. "मास्तर, हे सोयाबीनच्या फवारणीला चालंल का?" सासूबाईंनी तर विचारलंही नाही, थेट पंखावर धोतर अंथरून कुरडया घातल्या.

हिला मी सांगितलं, कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१७ मध्ये त्याला सरकारच्या विमान खात्याची, म्हणजे डीजीसीएची, नोंदणीही मिळाली. ही म्हणाली, "ते पायलट होते. तुम्हाला अजून स्कूटर रिव्हर्स घेता येत नाही." आमच्या स्कूटरला रिव्हर्सच नाही, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

परवा तोल काढायचा होता. विमान किती जड याइतकंच ते कुठं जड हेही बघावं लागतं. शेपटीकडं वजन जास्त झालं तर नाक आवरत नाही. म्हणून दोन चाकांखाली दोन काटे, शेपटीखाली तिसरा. ओळखीच्या आडत्यानं मोंढ्यातून काटे आणि एक हमालमामा पाठवले. शेपूट घडवंचीवर चढवली, गवंड्याच्या पाणीनळीनं लेव्हल साधली, अजून न आलेल्या इंजिनाच्या जागी सिमेंटची दोन पोती बांधली. मामा आकडे सांगत गेले, मी वहीत उतरवत गेलो.

सहा वर्षं मी एकेक तुकडा तोलून लिहून ठेवलाय. रात्री ताळा घातला, तर विमान बेरजेपेक्षा बरोबर सहा किलो हलकं! तीनदा मोजलं. पोती धरून मोजलं, सोडून मोजलं. गोंद वाळून इतका घटतो का, या विचारात झोप लागली नाही.

सकाळी काटे न्यायला मामा आले, त्यांना विचारलं.

"सहाच ना? बरोबर हाय की मास्तर. काट्यामागं दोन किलो कडता कापलाय."